मोठ्या डॉक्टरांसमोर माझा भाऊ

"बिल्ला काढ आणि वर येऊन बस," आमच्या सेंटरचे सर म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. छातीवर माझ्या नावाचा बिल्ला होता, खाली 'समुपदेशक' लिहिलेलं. वाशीतल्या हॉटेलचा तो थंडगार हॉल. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांसाठी दर वर्षी प्रशिक्षण व्हायचं, तेच चालू होतं. डॉक्टर, नर्स, समाजसेवक, सगळे शिकायला आलेले. मीही शिकायलाच आले होते.

आणि समोर स्टेजवर माझा दादा बसला होता.

आमच्या सेंटरमध्येच तो दोन दिवसांपूर्वी अ‍ॅडमिट झाला होता. दुसरीकडे नेणार कुठे? आमचं घर कोपरखैरण्याच्या गावठाणात. आम्ही आगरी. शहर उभं राहायचं म्हणून शेत गेलं, मिठागर गेलं. दादा तुर्भ्याच्या एका कारखान्यात कंत्राटी हमाली करायला लागला. तो कारखानाही बंद पडला. दारू आधीपासून होती, मग फक्त तीच राहिली. घरात शिकले मी एकटी. त्याच्याच हमालीवर शिकले. त्याला सेंटरमध्ये यायला तयार करण्यात माझं अख्खं वर्ष गेलं होतं.

सकाळी सरांनी त्याला सांगितलं होतं, "मुंबईहून मोठे डॉक्टर आलेत, तुला तपासणार आहेत." दादा खूश. इस्त्रीचा शर्ट घातला. केसांना पाणी लावून भांग पाडला. त्याला वाटलं, मोठा डॉक्टर म्हणजे मोठं औषध. मला यातलं काही माहीत नव्हतं. तो दारातून आत आला तेव्हाच मला कळलं.

मी बिल्ला काढला. वर गेले. दादाच्या बाजूच्या खुर्चीत बसले.

"पेशंट अँड फॅमिली," मोठे डॉक्टर हॉलला म्हणाले. लोकांनी वह्या उघडल्या. काल चहाच्या वेळी माझ्याशी बोललेली ठाण्याची मुलगी पहिल्याच रांगेत होती. तिनेही उघडली.

"हात पुढे कर."

दादाने हात पुढे केले. थरथरत होते.

"मागच्यांना दिसतंय का?"

मागचे लोक उभे राहिले. दादा हात तसेच धरून बसला. खाली घे म्हणून कुणी सांगितलंच नाही. मीच त्याचे हात धरून खाली घेतले.

मग प्रश्न. पहिल्यांदा कधी प्यायलास? बायको का सोडून गेली? दादा त्याच्या बोलीत उत्तरं द्यायचा. "मना तवा समजत नवता, साहेब. मिठागरावर आमी समदेच घेयाचो." मागून कोणीतरी हसलं. त्या एका हसण्यावर आणखी हसले. मोठे डॉक्टरही हसले आणि मला म्हणाले, "ट्रान्सलेट करा, मॅडम."

मी केलं. माझ्या भावाचं बोलणं मी शहरी मराठीत सांगितलं.

मग ते इंग्रजीत हॉलशी बोलायला लागले. मला इंग्रजी कळतं, हे ते विसरले असतील. किंवा विसरले नसतील. ते म्हणाले, या गावांकडे बघा. जमिनींचा पैसा आला, अक्कल आली नाही. आणि ही बहीण बघा. ही स्वतः आजारी घरातली. हिने दुसऱ्यांना सल्ला द्यावा का? तुम्हाला काय वाटतं?

हात वर झाले. माझ्यावर चर्चा सुरू झाली. मी तिथेच बसलेली असताना. एक बाई म्हणाल्या, हिला आधी उपचारांची गरज आहे. ठाण्याची मुलगी लिहीत होती. सरांनी होकाराची मान हलवली. ज्या सरांकडे मी चार वर्षं राबत होते, ते.

मोठे डॉक्टर माझ्याकडे वळले. "सांगा मॅडम, हा आईवर हात उचलतो का?"

सगळा हॉल वाट बघत होता.

तेव्हा दादा बोलला.

"माजे बहिनीला कशाला इचारता? पिनारा मी हाय. मना इचारा."

खुर्ची थोडी पुढे ओढून तो माझ्या आणि त्या डॉक्टरांच्या मध्ये आला. लहानपणी गावातलं कुत्रं अंगावर आलं की असाच मध्ये यायचा.

मी उभी राहिले.

"आम्ही दोघं जातोय," मी म्हणाले.

"बस खाली," सर म्हणाले.

"सर, हा बरा व्हायला आलाय. तुम्ही याचा तमाशा केलात."

दादाचा हात धरला आणि मधल्या वाटेने बाहेर आले. कोणी अडवलं नाही. कोणी आमच्याबरोबर उठलंही नाही.

हे असं सांगितलं की वाटतं, मी जिंकले. तसं नाही.

बाहेर रस्त्यावर दादा म्हणाला, "मी घरी जातो. तुजे त्या सेंटरान परत नाय येनार."

मी समजावलं. रडले. पाया पडले. तो म्हणाला, "आता मी घरीच सोडीन. दारूला शिवनार नाय."

याच गोष्टीची मला भीती होती. इतकी वर्षं पिणाऱ्याने औषधाशिवाय दारू एकदम सोडली की फिट येते. जीवही जातो. हे मला माहीत होतं. त्याच प्रशिक्षणात आदल्या दिवशी पुन्हा शिकवलं होतं.

मी सरांकडे गेले. म्हणाले, निदान औषध द्या, मी देते त्याला. सर म्हणाले, "तो स्वतःच्या मर्जीने गेला. आणि तू आधी सगळ्यांची माफी माग."

मी मागितली. हात जोडून मागितली.

"आता त्याला घेऊन ये. अ‍ॅडमिट नसेल तर औषध नाही."

तो येईना. सरकारी दवाखान्यात नेलं, तर तिथे म्हणाले, दारुड्यांसाठी खाट नाही. गोळ्या दिल्या, तापावरच्या. दादा शब्दाला पक्का राहिला. थेंबाला शिवला नाही. घामाने भिजायचा, भिंतीवर माणसं दिसतात म्हणायचा, पण दारू मागितली नाही. आई म्हणाली, "तू तेच काम करतेस ना गो? मंग कर ना काय तरी."

फिट आली तेव्हा मी घरातच होते. कुशीवर वळवलं. डोक्याखाली उशी सरकवली. तोंडात काही घालू दिलं नाही. शिकवलं होतं तसंच सगळं केलं. एक थांबली, दुसरी आली. रिक्षात घातला. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी बघितलं आणि नकाराची मान हलवली.

आई अजून विचारते, तो बरा होत होता ना?

मी सेंटर सोडलं नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा प्रशिक्षण आलं. सरांनी बोलावलं. जवळ बसवलं. आवाज मऊ केला. "तुझ्या भावाची केस तू सांग. लोकांना फार शिकायला मिळेल. तुझंही मन मोकळं होईल."

"नाही."

"विचार कर."

"केला. नाही."

त्यांनी दुसरा पेशंट ठरवला. दिघ्याचे एक मामा, खाणीत दगड फोडणारे. त्यांना न्यायला वॉर्डबॉय आला. मी वॉर्डच्या दारात उभी राहिले आणि मामांना सगळं सांगितलं. तिथे काय होतं, कोण बघतं, काय विचारतात. "तुम्हाला जायचंय का?"

"नाय गेलो तर चालंल का, ताई?"

"चालेल."

मामा खाटेवर आडवे झाले. तोंडावर चादर ओढून घेतली.

सर स्वतः आले. दारातच ओरडले, "मग डॉक्टरांनी शिकायचं कसं?"

"माणसाला खरं सांगून, विचारून शिका. तो नाही म्हणाला तर शिकू नका."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. तोवर या दारातून फसवून एकही माणूस बाहेर जाणार नाही. नोकरी गेली तर मी खाली गेटवर उभी राहीन. आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन."

मी दारातून हलले नाही.