शेवंताताईंची कॅसेट

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी शेवंताताईंचे नाव सांगतो. घरच्यांनी मला पदवीपर्यंत शिकवले. शिकता शिकता मनात जी भीती बसली होती, ती शेवंताताईंनी घालवली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वाशीतल्या एका कचेरीत आम्ही शेजारी बसत असू. मी तालुक्याच्या गावातून आलेला नवा कारकून, त्या टायपिस्ट. राहायला खाडीकाठच्या दिवाळे गावात, मासेमारांच्या घरात. दुपारी डबा झाला की त्या गच्चीवर जात आणि पोटातून एक लांब हाक मारत. शब्द नाही, सूर नाही, नुसती हाक. पहिल्या दिवशी मी धावतच वर गेलो, कोणी पडले की काय म्हणून.

"घाबरू नको," त्या म्हणाल्या. "बापाची होडी खाडीत असली का मी काठावरून आसाच आवाज द्यायची. हितं बसून बसून तो गंजेल ना."

मला त्या 'बी.कॉम.' म्हणत. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, हे मी कचेरीत पहिल्याच आठवड्यात सर्वांना सांगून टाकले होते. बाकी घराबद्दल काही सांगितले नव्हते.

आमचा ड्राफ्ट्समन देवदत्त इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. त्याचे रॉक संगीत असे कर्कश की सोसायटीने त्याला दोनदा समज दिली होती. त्याने गच्चीवरची हाक ऐकली आणि विचारले, "ताई, माझ्या गिटारवर ओरडाल?"

"मी वरडेन. तुजी गिटार टिकली पायजे."

ती टिकली. देवदत्तच्या घरी रविवारी दारे-खिडक्या लावून तालीम सुरू झाली. शेवंताताई गाणी स्वतःच रचत: खाडीत भराव टाकणाऱ्या ट्रकवर, लग्न का करत नाहीस म्हणून विचारणाऱ्या मावशीवर, कचेरीतल्या घंटेवर. मध्येच त्या कुजबुजत, मध्येच अशा कडाडत की टेपरेकॉर्डरचा काटा लाल भागात जाऊन तिथेच थरथरत राही. टेपरेकॉर्डर माझा, म्हणून ध्वनिमुद्रणही माझ्याकडे. एका गाण्यात तर त्यांनी टाइपरायटरच ठोकून घेतला. सहा गाण्यांची कॅसेट काढायची असे ठरले.

घोळ मी घातला. दादरच्या एका ओळखीच्या स्टुडिओत रविवारची सकाळ मिळाली. देवदत्तने शहरातला एक ड्रमवाला ठरवला. शेवंताताई त्या आठवड्यात रजेवर होत्या. त्यांच्या टाइपरायटरवर मी चिठ्ठी खोचून ठेवली आणि निश्चिंत झालो. त्या दर महिन्याला दोनदा अशी सलग रजा का घेतात, हे मी कधी विचारलेच नव्हते.

रविवारी आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली. शेवटी ड्रमवाला म्हणाला, "मासेवालीसाठी मी दिवस घालवत नाही," आणि सामान आवरून निघून गेला.

मी तणतणत दिवाळ्याला गेलो. शेवंताताई गुडघाभर चिखलात उभ्या राहून होडीतल्या टोपल्या उतरवत होत्या.

"काल पुनव झाली," माझे सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या. "उधान हाय. पान्याला जोर असतो तवाच आमची जाली भरतात. त्या टायमाला घरातला कोन बी काठ सोडत नाय. कॅलेंडरात तुमी लाल रविवार बघता. त्याच्या खाली तिथी लिवलेली असते, ती बघाया वेगली डिग्री लागते काय?"

टोपली माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "अष्टमीला भांगाची भरती. पानी मंद, होड्या काठाला, मी मोकली. स्टुडिओ हितंच आन."

"पण ड्रम?"

त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. "टेबलावर दिवसभर बोटां कोनाची चालतात?"

तेव्हा मला सांगावे लागले. माझे वडील गावची हलगी वाजवत. लग्नात, जत्रेत, मयतीत. वाजवायचे सगळ्यांसाठी आणि उभे राहायचे उंबऱ्याबाहेर. मी मॅट्रिक झालो त्या दिवशी त्यांनी हलगी आढ्याला टांगली आणि म्हणाले, "तू हिला हात लावायचा नाही." मी बघून बघून शिकलो होतो, पण तो शब्द पाळला होता. आता वाजवली तर वडिलांचा शब्द मोडणार. शिवाय कचेरीत सगळ्यांना कळणार.

"मी रोज मासलीचा वास घेऊन कचेरीत येते," शेवंताताई म्हणाल्या. "माजी स्पीड कमी झाली काय? तुजी डिग्री हलगीनं पुसली जानार आसेल, तर ती पेनशिलीनं लिवलीय. बापाचा मात्र तू बघ. त्यात मी नाय पडनार."

तीन रात्री मला धड झोप लागली नाही. चौथ्या दिवशी तुर्भ्याच्या खाणीत काम करणाऱ्या आमच्या भागातल्या एका माणसाकडून मी हलगी मागून आणली.

अष्टमीला जाळी ठेवायच्या शेडमध्ये आम्ही जमलो. खाडीच्या दमट हवेने हलगीचे चामडे सैल पडले होते. शेवंताताईंच्या आईने चूल पेटवून दिली, मी चामडे शेकून घेतले आणि वाजवायचे टिपरू उचलले. पहिला ठोका पडताच शेवंताताईंनी मान वळवली आणि त्याच्या वर आवाज टाकला. देवदत्तची गिटार किंचाळत होती, होडीचे इंजिन मुद्दाम चालू ठेवले होते, बाहेर बायका कानावर हात ठेवून हसत होत्या. सहाही गाणी त्या एका दिवसात झाली. कॅसेटच्या कागदावर शेवंताताईंनी स्वतः टाइप केले: हलगी, आणि पुढे माझे पूर्ण नाव, आडनावासकट.

कॅसेट घेऊन मी रजेवर गावी गेलो. तिथून त्यांना हे पत्र पाठवले.

*शेवंताताईंस,*

*सप्रेम नमस्कार. दोन दिवस कॅसेट पिशवीतच ठेवली होती. काल संध्याकाळी लावली. वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "ही बाई कोणावर चिडलीय?" मी म्हणालो, ती गाते. मग म्हणाले, "हलगी कोणाची?" मी म्हणालो, माझी. ते उठून बाहेर गेले. आई रडायला लागली. मला वाटले, संपले.*

*जेवायला बसताना ते आले आणि म्हणाले, "परत लाव." तीन वेळा लावायला सांगितले. मग म्हणाले, "चौथ्या गाण्यात बाई पुढं गेली आणि तू घाबरून मागं राहिलास. तिला एकटी सोडायची नाही." तुम्हालाही ते जाणवले असणार, तुम्ही बोलला नाहीत.*

*आज सकाळी त्यांनी आढ्यावरची हलगी उतरवली आणि अंगणात चौथ्या गाण्यातली ती जागा मला वाजवून दाखवली. त्यांचा हात अजून माझ्यापेक्षा हलका आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने थांबून विचारले, आज काय, कोणाचे लग्न? वडील न थांबता म्हणाले, "नाही. पोराला शिकवतोय."*

*आपला,*
*दिगंबर*