जोतीदादाची ओवी

"सुर्व्या रं देवा, नको जाऊ डोंगराआड..."

आवाज कोवळा आहे. त्याच्या खालून जात्याची घरघर वाहतेय, ओढ्याच्या पाण्यासारखी. हौसाबाई डोळे मिटून पडल्या आहेत. हा आवाज कानाशी आला की आधी राग येतो, मग ओळख पटते. आवाज त्यांचाच आहे. नव्या नवरीपणातला, आजऱ्याकडच्या माहेरच्या ओसरीवरचा.

दुपारची जेवणं उरकलीत. माजघरात चटई टाकून त्या आडव्या झाल्यात. बाहेरच्या खोलीत लेक, नलू, त्यांच्या जरीकाठी लुगड्याला इस्त्री करतेय. संध्याकाळी कोल्हापुरातल्याच थेटरात रंगराव इंगवल्यांच्या शेवटच्या सिनेमाचा खास खेळ आहे. रंगराव म्हणजे हौसाबाईंचे मालक. मोठा दिग्दर्शक, मोठं नाव. पावसाळ्यात गेले, आणि सिनेमा त्यांच्या मागून आला, 'भरलं माप'. खेळ संपला की हौसाबाईंना स्टेजवर बोलावणार, साडीचोळी देणार, हातात माइक देणार आणि म्हणणार, वहिनी, आता ती ओवी होऊन जाऊ द्या.

ती ओवी म्हटलं की हौसाबाईंच्या कपाळाची शीर उडते.

सिनेमातला नवरा गरोदर बायकोला टाकून दुसरीकडे जातो. म्हातारा होऊन परत येतो. बायको काही बोलत नाही. ऊन पाणी आणते, परातीत त्याचे पाय ठेवते आणि धुते. त्या पाण्यावर हौसाबाईंचा कोवळा आवाज सोडलाय. अर्धं गाव त्या जागेला हुंदके देतं आणि अर्धं गाव दात खातं. थेटराबाहेर एका नवराबायकोनं म्हणे घरी जायला रिक्षासुद्धा वेगळ्या केल्या.

नलू हुंदके देणाऱ्यांतली. सिनेमा बघून आल्यापासून एकच धोशा लावलाय तिनं. "आई, तू बाबांना माफ केलंस ना गं? पडद्यावर बघितलं मी. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"भात लागतोय बघ," म्हणून हौसाबाई उठून गेल्या होत्या.

पंखा फिरतोय. पंख्याचा आवाज जात्याचा होतो आणि जात्याचा प्रोजेक्टरचा. चटई तीच आहे. पण पायाशी आता चूल पेटलीय, आणि चुलीला टेकवून थेटरातली लाल गादीची खुर्ची मांडलीय. खुर्चीत रंगराव बसलेत. पांढरा नेहरू शर्ट, गुळगुळीत दाढी केलेली. मेलेल्या माणसाची दाढी इतकी नीट कुणी केली असेल, असं हौसाबाईंच्या मनात येऊन जातं.

"हौसा," ते म्हणतात, "लोक काय म्हणतात?"

'कशी आहेस' नाही, 'जेवलीस का' नाही.

"कुणाला?"

"सिनेमाला गं. तिकडं काही म्हणजे काही कळत नाही."

"तिकडंबी तीच तळमळ व्हय?" हौसाबाई उठून बसतात. "भांडत्यात लोकं."

रंगरावांचा चेहरा उजळतो. "भांडतात? खरंच? मग लागलं म्हणायचं वर्मी."

"तुम्हाला आनंद झाला?"

"थंड बसले असते तर मी पुन्हा मेलो असतो," ते म्हणतात आणि खुर्चीत पुढं सरकतात. "सांग की. कोण काय म्हणतं?"

सांगायला लागत नाही. चुलीमागची भिंत उठून जाते आणि मागं थेटर भरलेलं दिसतं. तव्यावर भाकरी आहे, आणि भाकरीच्या पलीकडं माणसांच्या रांगा. सगळे एकदम बोलतायत.

"पाय धुतले हो, पाय धुतले तिनं!" एक टोपीवाले आजोबा डोळे पुसत म्हणतात. "ह्याला संसार म्हणायचा."

"तुम्ही धुतले का कधी आजींचे?" मागच्या रांगेतली पोरगी विचारते.

"तुला काय कळतंय, काल आलेली तू."

"आणि दुसरीकडं राहून आलेल्याला कळतंय होय सगळं?"

"ए, हळू की जरा! रडू तरी दे नीट!" एक बाई ओरडते. पदरानं नाक पुसते आणि शेजारणीला म्हणते, "मला तिच्यात माझी आई दिसली गं."

"मलाबी आईच दिसली," शेजारीण म्हणते, "म्हणून तर अंगाची आग झालीया."

रंगराव मान डोलवत ऐकतायत. गाण्याच्या बैठकीत बसावं तसे. "टाळ्या कुठं पडल्या?"

"तुमच्या पायांवर पडल्या. ऊन पाण्यात." हौसाबाईंनी भाकरी उलटलीय. ती करपलीय, पण त्यांचं लक्ष नाही. "मी तुमचे पाय कधी धुतले?"

"ते सिनेमातलं आहे, हौसा."

"गावाला कुठं ठाऊक हाय ते? दूधवाला मला वाकून नमस्कार करतोय आता. ह्यो नमस्कार कुणाला? मला का त्या परातीला? आन् तुमची लेक, तीबी मला देवी समजाय लागलीया. मी तिची आईच ऱ्हाईले न्हाई."

"तू मला जेवायला वाढलंस. आजारपणात कूस बदललीस माझी."

"दारात आलेल्या कुत्र्यालाबी वाढत्यात."

रंगराव हातातलं घड्याळ काढून पुन्हा घालतात. जिवंतपणी कोंडीत सापडले की करायचे तसंच.

"आन् ती ओवी," हौसाबाई म्हणतात. आवाज चढलाय. थेटरातली माणसं आता त्यांच्याकडे बघतायत. "ती ओवी कुणाची?"

अंगण. आजऱ्याकडचं, शेणानं सारवलेलं. ओसरीवर जातं, जात्याशी कोवळी हौसा, आणि तिच्या समोर रंगरावांनी मांडलेलं टेपचं यंत्र, दोन चक्र्या फिरतायत. नवीन लग्न. जावई सासुरवाडीला आलेत आणि बायकोचं दळण टेप करतायत, म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसतायत. हौसा दळते आणि गाते.

सुर्व्या रं देवा, नको जाऊ डोंगराआड,
येणाराच्या पायाखाली अजून हाय वाटेचा चढ.

दुरून ओळखीते, खांद्यावर घोंगडी काळी,
जोतीदादा माझा, मला माहेराची सावली.

दळताना असंच असतं. कुणाची वाट, कसली वाट, हे आधी घोळवायचं आणि नाव शेवटाला ठेवायचं, लाडूतल्या बेदाण्यासारखं. ऐकणारी नावाची वाट बघत जात्याचा खुंटा ओढते. रंगरावांनी नाव यायच्या आधीच ओवी कापली. उरली ती नुसती वाट, आणि त्या वाटेनं त्यांनी सिनेमातला नवरा आणून उभा केला.

हौसाबाई अंगणात इकडं तिकडं बघतात. बैल आहेत, गोठा आहे, दावणीशी घोंगडी टांगलीय. जोतीदादा उभा राहायचा तिथं कुणी नाही. नुसता पांढरा उजेड आहे, फिल्मचा तुकडा काढून टाकल्यावर पडद्यावर दिसतो तसा. त्या उजेडातून कोंबड्या आरपार चालत जातात.

"कुठं हाय माझा दादा?"

"सिनेमात भाऊ बसत नव्हता गं," रंगराव म्हणतात. "बाई एकटी दाखवायची होती. एकटी राहिली, म्हणून ती मोठी झाली."

"एकटी?" हौसाबाई त्या उजेडाकडे बोट करतात. "नलू पोटात असताना तुम्ही गेलासा. बाळंतपण कुणी केलं? धान्याच्या पायल्या कुणी घातल्या? नलूला खांद्यावर बसवून जोतिबाला कोण घेऊन गेलं? सोताच्या पोरांच्या अंगावर फाटकं, आन् नलूला नवं झबलं! माझ्या दादाला तुम्ही पुसून टाकलासा. दादा मरून गेला, ते मी सोसलं. पर असं पुसलेलं सोसवंना मला."

अंगण अरुंद होतं. सिनेमा कापायची-जोडायची खोली. पत्र्याचं कपाट, मोठं टेबल, टेबलावर दिवा. रंगराव वाकून टेप लावतायत. हातात ब्लेड. ह्या खोलीत हौसाबाई डबा घेऊन यायच्या आणि दारातूनच परत जायच्या.

"जोडा," त्या म्हणतात. "आत्ताच्या आत्ता दादाला परत जोडा."

"तुकडा नाही आता."

"मग ठाऊक नव्हतं म्हणा. ऐकाय चूक झाली म्हणा. निदान खोटं तरी बोला!"

रंगराव ब्लेड खाली ठेवतात.

"ठाऊक होतं," ते म्हणतात. "त्या दिवशीच ठाऊक होतं. समोर नवरा बसलाय, यंत्र लावून, आणि बायको भावाची ओवी म्हणतेय. मला वाटलं, पुढची माझी म्हणेल. टेप संपेपर्यंत बसलो. मग घरी आल्यावर वाट बघितली. तू आयुष्यभर ओव्या म्हटल्यास हौसा. बैलाची म्हटलीस, तुळशीची म्हटलीस, शेजारच्या म्हशीची म्हटलीस. माझी एक नाही. शेवटचा सिनेमा करतोय हे कळत होतं मला. म्हणून घेतली दादाची. चोरली म्हण."

हौसाबाई टेबलावरचं ब्लेड बाजूला सारतात.

"ओवी मागून येत न्हाई," त्या म्हणतात. "ज्याची वाट बघावी वाटती त्याची येती. मी वाट बघत हुते तवा तुम्ही दुसऱ्या दाराशी हुतासा. तुम्ही आलासा तवा माझं बघणं सरलं हुतं."

सनई. खोलीची भिंत पांढरी होते, भिंतीचा पडदा होतो. पडदा दोन्ही टोकांनी कुणीतरी धरलाय. हा अंतरपाट आहे. पलीकडून रंगरावांच्या मुंडावळ्यांची सावली पडलीय. थेटरातली माणसं दोन्ही बाजूंना उभी आहेत. टोपीवाले आजोबा अक्षता टाकतायत आणि ती पोरगी ओरडतेय, "बाई, पळा!" कुणी टाळ्या वाजवतं, कुणी खुर्च्या आपटतं. "शुभ मंगल" म्हणताना भटजी मध्येच थांबतात आणि विचारतात, "एवढं सांगा, बाई. ह्यांच्यातले बरोबर कोण?"

पडदा खाली येतो. समोर रंगराव. हौसाबाईंच्या पदराला त्यांचं उपरणं बांधलंय, घट्ट, करकचून. म्हातारी बोटं गाठीला लागत नाहीत. हौसाबाई पदर तोंडाशी नेतात आणि गाठ दातांनी सोडायला लागतात.

"हौसा," रंगराव अगदी हळू म्हणतात. आता त्यांना टाळ्यांचं काही नाही. दाढी वाढलीय, आजारपणात होती तशी. "लोकांचं जाऊ दे. तू सांग. केलंस का माफ?"

गाठ सुटतेय. उपरणं सैल होऊन खाली घसरतं. हौसाबाईंना बोलायचंय. पण तोंडात पदर आहे, आणि रंगराव, त्यांचे पांढरे कपडे, अक्षता, सगळं दुपारच्या उन्हासारखं फिकं होत जातं.

"आई! अगं आई, काय करतेस?"

नलू वाकून त्यांचा खांदा हलवतेय. इस्त्री मागं तशीच उभी, गरम कापडाचा वास घरभर. हौसाबाईंच्या दातांत नेसत्या लुगड्याचा पदर आहे. त्या तो काढतात आणि उजेडात धरतात. टोक ओलं झालंय, दातांनी दोन ठिकाणी सूत तुटलंय, आणि कापडाला पीळ पडलाय, आत्ताच गाठ सोडल्यासारखा. त्या अंगठ्यानं तो पीळ सरळ करायला बघतात. तो जात नाही.

"बाबा आले होते ना स्वप्नात?" नलूच्या डोळ्यांत पाणी. "काय म्हणाले गं?"

"लोकांचं विचारत हुते."

"आणि?"

"मग माझं विचारलं. तू विचारतीस तेच."

नलू खाली बसते. आईच्या गुडघ्यावर हात ठेवते. चेहऱ्यावर तो सिनेमातला ओलावा आलाय, परातीजवळचा. हौसाबाईंना तो चेहरा बघवत नाही, आणि आज त्या नजर वळवतही नाहीत.

"नलू, तुझा बा मोठा माणूस. सिनेमाबी मोठा आसंल. लोकांनी रडावं, भांडावं, त्यांची मर्जी. मी त्याला जेवाय वाढलं, कारण तो उपाशी हुता. मी त्याला धुतलंपुसलं, कारण तो पडून हुता. तुझ्या मामानं आपल्याला जगवलं, त्याचं नाव आज मी त्या माइकावर घेणार हाय, ओवी पुरी करून."

"आई..."

"थांब. आन् तू विचारतीस त्याचं उत्तर आज ऐकूनच घे, मग मला देवी म्हण न्हाईतर बया म्हण. मी माफ न्हाई केलं त्याला. जिता हुता तवाबी न्हाई, मेला तवाबी न्हाई."