मी बोलावण्याची वाट पाहिली

त्या सकाळी शेजारचा माग सुरू झाला नाही. आमच्या आणि नरसक्काच्या घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि उजाडल्यापासून तिच्या मुलाच्या मागाचा आवाज त्या भिंतीतून येतच असतो. मला वाटले, त्यांचा काही सण असेल. आज सांगायला लाज वाटते, पण त्या शांततेने मला बरे वाटले. मी चहा घेऊन पुस्तक उघडले. दोन पाने वाचून झाली असतील, तोच हे बाहेरून परत आले आणि चपला न काढताच दारात उभे राहून म्हणाले, “नरसक्का गेल्या.”

त्याला आता पाच आठवडे झाले.

लग्न होऊन मी सोलापुरात आले ती जबलपूरहून. वडील रेल्वेत, आई लहानपणीच गेलेली. त्यामुळे माझी सारी वर्षे इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात गेली. तिथे दार वाजवल्याशिवाय कोणी कोणाच्या खोलीत जात नसे. इथे हे शिकवतात ती शाळा जवळ म्हणून आम्ही विणकरांच्या गल्लीत घर घेतले, आणि या गल्लीत दारे दिवसभर सताड उघडी असत. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास, तेलुगू आणि मराठीची सरमिसळ, येता-जाता आत डोकावणारे चेहरे... मी दार लावून घेत असे. चौथ्या दिवशी दारावर थापा पडल्या. उघडले तर साठीची एक बाई, लुगड्याला सुताचे तंतू चिकटलेले. मला बाजूला सारून ती थेट स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली. भर दुपारी दार बंद म्हणजे घरात कोणी आजारी पडले असणार, असे तिला वाटले होते. तसे काही नाही म्हटल्यावर ती जमिनीवर ऐसपैस बसली आणि माझे वय, माहेर, शिक्षण, नवऱ्याचा स्वभाव, सगळे विचारून घेतले. मी एकेका शब्दात उत्तरे दिली. उठताना म्हणाली, “कोंबडीबी एवढा वेळ खुराड्यात बसत न्हाय की.”

त्यानंतर ती रोज दुपारी येऊ लागली. कधी शेंगाची चटणी आणायची, कधी कडक भाकरी. पहिल्यांदा मी तिला “आभारी आहे” म्हणाले, तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गल्लीभर झाली. “मी काय सभेत भाषण केलं का, आभार मानायला?” असे ती नळावर सर्वांना विचारत होती म्हणे. मी दोन दिवस बाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी ती चटणी घेऊन पुन्हा हजर, जणू काही झालेच नव्हते.

मला तिचे येणे आवडत होते की नाही, हे मी स्वतःलाही कधी विचारले नाही. ती बोलायची, मी ऐकायची, आणि नजर अधूनमधून बाजूच्या पुस्तकाकडे जायची. ते तिच्या ध्यानात येत असणारच. एकदा तिने स्वतःचे सांगितले. अकराव्या वर्षी लग्न होऊन ती निजामाच्या मुलखातून इथे आली, मराठीचा एक शब्द न येता. शेजारची एक मराठी बाई दुपारची येऊन नुसती तिच्याजवळ बसायची. दोघी मुकाट्याने मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. “मला भाषा येत नव्हती,” नरसक्का म्हणाली, “तुला तर येती की. मग का गं बोलत न्हाईस?” मी हसून चहाचे विचारले.

मग एके दुपारी ती आली नाही. ताप आहे, असे आमच्या मोलकरणीने सांगितले. बोर्डिंगात आजारी मुलीच्या खोलीत जायला परवानगी लागे. आपण फळे आणि चिठ्ठी पाठवायची आणि निरोप येईपर्यंत थांबायचे. मी तसेच केले. मोलकरणीच्या हातून संत्री पाठवली, आणि सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘बरे वाटले की कळवा. मी भेटायला येईन.’ निरोप आला नाही. भिंतीपलीकडून खोकला ऐकू येई. सोळा दिवस मी तो ऐकला. त्यांना त्रास नको, असे मी मनाशी म्हणत होते. खरे म्हणजे त्या माणसांनी भरलेल्या घरात शिरून काय बोलायचे, याची मला भीती वाटत होती.

ती गेल्यावर मी त्या घरी पहिल्यांदा गेले. तिची सून राजम्मा रडून रडून थकली होती. तिने जे सांगितले ते तिने सहज सांगितले, माझ्यावर राग धरून नव्हे. चिठ्ठी नरसक्काच्या मुलाने वाचून दाखवली होती. ती ऐकून सासूबाई म्हणाल्या, “बरं वाटल्यावर येऊन काय करती ती?”

मला बोलवू का, असे राजम्माने दोनदा विचारले होते. नरसक्काने नको म्हटले. तिचे म्हणणे, लग्नाला बोलावतात, बारशाला बोलावतात. आजाऱ्याकडे माणसे आपणहून येतात, आणि यायचे नसेल त्याला बोलावून आणू नये. म्हणजे त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी एकमेकींची वाट बघत होतो, आणि दोघीही आपापल्या रीतीने वागत होतो. तिची रीत विचारायला मला चार पावले चालावी लागली असती.

तिच्या खाटेजवळ एक चटई आहे. आजारपणात दुपार झाली की नरसक्का राजम्माला ती अंथरायला सांगत असे, शेवटच्या दिवसापर्यंत. खाट आता भिंतीला उभी केली आहे, पण चटई राजम्मा अजून अंथरते. दुपारी मी जाऊन तिच्यावर बसते. राजम्मा रहाटावर कांड्या भरत असते. ती मला काही विचारत नाही, आणि मला खूप बोलायचे असते.