सरांची डबी बिराजदारांकडे

"सरांची डबी बी माझ्याजवळच हाय, मॅडम," बिराजदार म्हणाले आणि मी घड्याळात पाहिलं.

इस्लापूरच्या पुढं, सहस्रकुंड धबधब्याकडच्या जंगलात आम्ही उभे होतो. ऊन कललं होतं. लातूरच्या एका खाजगी क्लासचा स्टाफ माझ्याबरोबर ट्रेकला आला होता आणि क्लासचे मालक, कांबळे सर, कुठंच दिसत नव्हते. फोनला रेंज शोधत एका टेकाडावर गेले, एवढंच कोणीतरी पाहिलं होतं. आता तर त्यांचा फोनही लागेना.

सरांना शुगर. गोळ्या चालू. दुपारी गप्पांच्या नादात ते नीट जेवले नव्हते, हे मी पाहिलं होतं. गोळ्या घेऊन उपाशी चालणाऱ्या माणसाची शुगर उतरू शकते. आधी घाम येतो, हात थरथरतात, मग डोकं चालेनासं होतं. तेव्हा तोंडात लगेच काहीतरी गोड पडावं लागतं. त्यासाठीच मी त्यांच्या डबीत ग्लुकोजची पुडी घातली होती.

मी मूळची देगलूरची. नांदेडहून लोकांना ट्रेकला नेते, हेच माझं काम. सर्व्हायव्हल किट म्हटलं की लोकांना मोठी सॅक आणि हातभर सुरा आठवतो. माझी किट साबणाच्या डबीत मावते. त्यात एक शिट्टी, कारण ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही. अंगाभोवती गुंडाळायची चमकी कागदासारखी शीट, थंडीत ती अंगातली ऊब धरून ठेवते. बोटाएवढी टॉर्च, लायटर, पट्टी, थोडं गोड आणि ज्याची त्याची औषधं. बस. माणूस वाट चुकला तर कोणी येईपर्यंत तग धरायला एवढं पुरतं.

सकाळी डब्या वाटताना मी बजावलं होतं, "ही पर्सनल किट आहे. पर्सनल म्हणजे अंगावर. जीपमध्ये नाही, सॅकमध्ये नाही, दुसऱ्याकडे तर नाहीच नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी डबी घेतली. ती खिशात जायच्या आत, माझी पाठ वळताच, फोनवर बोलणाऱ्या सरांच्या हातून बिराजदारांनी ती अलगद काढून घेतली, हे मला आत्ता कळत होतं. ते क्लासचे जुने हेडक्लार्क, किल्लारीकडचे. साहेबाच्या हातात काही दिसलं की आपल्याकडच्या माणसाचा हात आपोआप पुढं होतो. त्यात लाचारी नसते, माया असते. पण जंगलाला ते कुठं कळतं?

"चला, पसरून शोधू," म्हणत गणिताचे सर निघालेसुद्धा.

"कोणी हलायचं नाही," मी म्हटलं. "एक हरवला तेवढा पुरे झाला."

माझ्या गळ्यातली शिट्टी मी तीनदा लांब वाजवली. तीन शिट्ट्या म्हणजे आम्ही इथं आहोत, तुम्ही कुठं आहात? त्यानंतर गप्प राहून कान द्यायचा असतो. आता ही सगळी शिकवणारी माणसं, गप्प कशी बसणार? केमिस्ट्रीच्या मॅडम बायोलॉजीच्या सरांना आवाज दरीत कसा घुमतो ते समजावून सांगत होत्या. मी तडकले. "वर्गात पोरांना गप्प करता ना? आता तेवढं स्वतःला करा."

सगळे चूप झाले. मी पुन्हा शिट्टी मारली. सागाची वाळली पानं तेवढी वाजत होती. आणि डावीकडच्या ओढ्यातून बारीक, पण कडक हाक आली.

"बिराजदाऽऽर..."

लातुरात म्हणे या हाकेला सगळी बिल्डिंग श्वास रोखते. इथं सगळे खदखदून हसले. बिराजदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आलो, सर," म्हणून ते धावले, तसा मी त्यांचा शर्ट मागून धरला. उतारावर पळणारा माणूस म्हणजे आणखी एक पेशंट. "तुम्ही हाका मारत चला," मी सांगितलं, "ते ओ देतील, आपण आवाजाच्या मागं जाऊ."

ओढ्याच्या काठी सर एका सागाला टेकून बसले होते. शर्ट घामानं भिजला होता. हात थरथरत होते. बिराजदारांनी डबी उघडली, पण घाईघाईत आधी शिट्टीच सरांच्या हातात दिली. पुडी मीच फोडून पाण्यात कालवली आणि सरांना घोटघोट पाजली. मग नुसती वाट पाहिली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला आणि माझ्या जिवात जीव आला.

"कवापासून खिसे चाचपून राहिलो," सर म्हणाले. "माझी डबी तुमच्याकडं कशी आली, बिराजदार?"

"सर, मी असताना तुमच्या हातात ओझं कसं ठेवू?"

"अहो, साबणाची डबी हाय ती. मी जेवतो तरी माझ्या हातानं ना?"

"हाव, सर. पण ताट मीच आणून देतो."

सगळ्यांत मोठ्यानं सरच हसले. मग त्यांना बिस्किटं खाऊ घातली आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी हात धरून, थट्टा करत, आम्ही जीपकडं आलो. इस्लापुरात गरम भजी खाताना पुढच्या ट्रेकचं ठरूनसुद्धा गेलं.

मी मात्र डबी बदलली. माणसांच्या सवयी काही मला बदलता येत नाहीत, तेव्हा किटच बदलू म्हटलं. नांदेडच्या शिंप्याकडून चंच्या शिवून घेतल्या. चंची म्हणजे जुनी माणसं पानसुपारी ठेवायची ती कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी. गुंडाळायची, नाडी बांधायची, कमरेला खोचायची. हातातली डबी कोणीही घेईल, पण दुसऱ्याच्या कमरेला हात कोण घालतंय?

पुढच्या ट्रेकला सर कमरेला चंची खोचून जीपमधून उतरले. बिराजदारांचा हात सवयीनं पुढं आला आणि मधेच थांबला. सबंध वाट ते बिचारे मोकळ्या हातानं चालले, अवघडून. शेवटी सरांनाच दया आली, त्यांनी आपली टोपी काढून त्यांच्या हातात दिली.

आता कुठलाही ग्रुप आला की मी आधी एकच विचारते, तुमच्यात साहेब कोण? पहिली चंची त्याला देते आणि सगळ्यांसमोर, त्याच्याच हातानं बांधायला लावते.