मागच्या सीटची ट्रायल

आमच्या शेजारचे काका नवीन गाडी बघायला निघाले की मला बरोबर नेतात. गाडी मी चालवतो, काका मागे बसून नावं ठेवतात. एकीचं सस्पेन्शन इतकं कडक, की हडपसर येईपर्यंत कवळी हातात येईल. दुसरीत डॅशबोर्डवर एवढा मोठा टीव्ही, मग रस्ता कोणी बघायचा? एका सेल्समनने कौतुकाने सनरूफ दाखवलं, तर म्हणाले, "उन्हाला घरी गच्ची आहे." शोरूमवाले आता त्यांना चहासुद्धा विचारत नाहीत.

गेल्या रविवारी काकूही आल्या. गुडघे गेल्यापासून त्या कुठे जातच नाहीत, कारण गाडीत कुणी उचलून बसवलेलं त्यांना खपत नाही. काकांनी मागचं दार उघडलं आणि ते बाजूला झाले. आधार द्यायला माझा हात पुढे गेला, तो काकांनी घट्ट धरून ठेवला. सीट बरोबर खुर्चीच्या उंचीची होती. काकू टेकल्या, एकेक पाय आत घेतला आणि दार स्वतः ओढून लावलं. मग काच खाली करून म्हणाल्या, "अहो, उभे काय राहिलात?"

सेल्समनने माझ्यापुढे किल्ली धरली. "ट्रायल घेऊन या, सर."

"झाली की," काका म्हणाले. "हीच द्या."