जिनापुढची दंडार

माझ्या मालकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते लुगड्यात. आमच्या डोंगरातल्या गावी त्यांच्या गावची दंडार आली होती. आम्हा आंध आदिवासींकडे दसरा उलटला की मृदंग बाहेर निघायचा आणि दिवाळीपर्यंत गावोगाव गाणी, नाच, सोंगं चालायची. त्यात बाई नसायची. बाईचं सोंगही गडीच घ्यायचा. डोक्यावरून पदर घेऊन हे सासूची नक्कल करत होते आणि माझी आई हसून हसून खाली बसली होती. पुढच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं.

गावी शेत थोडं आणि खाणारी तोंडं फार, म्हणून आम्ही वाशीमला आलो. हे कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, लागले. जिनाच्या भिंतीमागे आमच्याच लोकांची खोपटं होती. रुई सगळीकडे उडायची. भाकरीवर, केसांत, यांच्या भुवयांवर. शेजारी एक मणेरीण राहायची, पेठेत बायकांना बांगड्या भरायची. तिनं एकदा सहज विचारलं, "तुमच्या लोकायचं गानं लई चांगलं म्हनतात, बहू. मंग मले ते कधी ऐकू काहून येत नाही?"

खरंच येत नव्हतं. कापसाचा हंगाम आणि दंडारीचे दिवस एकच. जीन दिवाळीतही थांबायचं नाही. माणसं दोन पाळ्यांत वाटलेली, एक झोपला की दुसरा कामावर. पहिली दिवाळी मुकीच गेली. दुसरी जवळ आली तेव्हा हे जेवता जेवता थांबून ताटाच्या काठावर बोटं वाजवू लागले.

"काय वाजवून राह्यले?" मी विचारलं.

"काई नाही," म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हिस मोटारीनं एकटीच सासरच्या गावी गेले. मृदंग माझ्या सासऱ्यांकडे असायचा, वाजवायचेही तेच.

"मामाजी, मृदंग द्या. आमी वाशीमले दंडार करतो."

"मृदंग शहरात जात नाही, पोरी."

"मानसं त गेली ना."

ते उठून गोठ्याकडे गेले. मीही पुन्हा मागितला नाही. सकाळी निघाले तर मृदंग घोंगडीत गुंडाळून, खांद्याला अडकवून मामाजी दारात उभे. "त्याले एकटा नाही धाडत," म्हणाले. "मी येतो."

दोन्ही पाळ्यांची माणसं एकत्र सापडायची ती फक्त दुपारी, पाळी बदलताना. मामाजींना ते पटत नव्हतं. "उन्हात दंडार? सोंगाले मशालीचा उजेड लागते." पण इलाज नव्हता. मणेरणीनं यांच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. काम करून पंजे राठ झालेले, साबण लावूनही बांगड्या फुटल्या, तेव्हा तिनं मोठ्या मापाच्या शोधून आणल्या.

जिनापुढच्या मोकळ्या जागेत कापसाच्या गाड्या सुटलेल्या होत्या. गाडीवान जमले, पेठेतली पोरं शिट्ट्या मारायला आली. भर उन्हात, लुगडं नेसलेल्या यांच्या ओठावर भादरलेल्या मिशीची निळी सावली दिसत होती. मृदंग घुमला आणि यांनी गाणं उचललं. पहिली ओळ नीट गेली. दुसरीला आवाज फाटला आणि खोकल्याची उबळ आली. ते वाकून खोकत राहिले. पोरं हसू लागली. मामाजींनी हात थांबवला नाही. तोच ठेका फिरवून फिरवून वाट पाहत राहिले.

ते गाणं यांचंच, दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. मला येत होतं, कारण घरात ते गुणगुणायचे. मी बायकांमध्ये उभी होते. कशी हिंमत झाली ठाऊक नाही, पण नजर मातीत रोवून मी पुढची ओळ म्हटली. आमची दोन वडीलधारी माणसं वळून पाहू लागली. मी ओळ सोडली नाही. हे सरळ झाले, पदर सारखा केला आणि माझ्या आवाजावर नाचू लागले. पोरांच्या शिट्ट्या कधी थांबल्या कळलंही नाही. पाळीचा भोंगा होईपर्यंत मी गायले, ते नाचले.

मामाजी संध्याकाळभर मृदंगाच्या वाद्या आवळत बसले. मी मनातून धास्तावले होते. दुसऱ्या दिवशी मोटारीत चढताना म्हणाले, "पुढच्या साली सूर थोडा खाली धर. मृदंगाले तितकं वर येता येत नाही."

मग मामाजी दरवर्षी येत राहिले. दुसऱ्या जिनांतले आमचे लोक दुपारी येऊन बसू लागले आणि माझ्या मागे आणखी बायका गाऊ लागल्या. मणेरीण धंदा टाकून पुढे बसायची.

यांचा खोकला वाढला तेव्हा आम्ही जीन सोडून गावी परतलो. मामाजी तोवर देवाघरी गेले होते. गावच्या दंडारीत बाईनं गायची रीत नव्हती. मला कोणी बोलावलं नाही, मीही विषय काढला नाही. संध्याकाळी मी भाकरी थापत असले की हे चुलीजवळ येऊन बसायचे आणि म्हणायचे, "म्हन ना." मी हळू आवाजात म्हणायचे. वाशीमचं ऊन तेव्हा मला आठवायचं, आणि ते दिवस आपल्या वाट्याला आले याचं बरं वाटायचं.