भिंतीपलीकडचं मांजर

माझी लेक अकरावीला जालन्याला गेली. तिच्या हॉस्टेलात मोबाईल चालत नव्हता. जायच्या आदल्या दिवशी बॅग भरून झाली, चिवड्याचा डबा, लोणच्याची बरणी, सगळं बांधून झालं आणि ही डोळ्यांत पाणी आणून माझ्यासमोर बसली. मला वाटलं, घर सोडवत नसेल. जवळ घेतलं तर म्हणाली, "मम्मी, माझे कार्डं कोण सांभाळंल?"

कार्डं म्हणजे तिच्या मोबाईलवरच्या एका ॲपमधली, सुपरहिरोंची. रोज एक पाकीट फुकट मिळतं. बोटानं फाडल्यासारखं केलं की घुंगरू वाजल्यागत आवाज होतो आणि आतून चार-पाच कार्डं निघतात. बरीचशी नेहमीचीच, कधीतरी एखादं सोनेरी काठाचं. एकसारखी जास्त झाली की दुसऱ्या कुणाशी बदलून घ्यायची. रोज पाकीट उघडलं की साखळी वाढत जाते, एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तिची साखळी शाळेत असल्यापासूनची होती.

"रोज एकदा उघडायचं, बस," तिनं मला बजावलं. "बदलाबदलीत बिलकुल पडू नको. तुला कोणीबी फसवंल."

मी हो म्हणाले. लहानपणी तिची भातुकली उचलून ठेवायचे, तसंच हेही, असं मनाशी धरलं.

आमचं गाव आष्टी. सकाळी हे शेतात गेले, भांडी-धुणं आटोपलं की मी परसातल्या पायरीवर बसायची आणि पाकीट फाडायची. पहिले काही दिवस नुसतं फाडून मोबाईल बाजूला ठेवला. मग हळूहळू कार्डांवरची चित्रं बघायला लागले. खालची इंग्रजी नावं एकेक अक्षर लावून वाचायची, पण ती ध्यानात राहायची नाहीत, म्हणून मीच नावं ठेवली. एक अंगाचा दगड करून घेणारा होता, तो पाटा. विजेच्या तारांवरून चालत जाणारी एक पोरगी होती, ती लाईनवाली. एक म्हातारा टाळी वाजवून सगळं जग जागच्या जागी थांबवायचा. आणि एक बाई होती, नुसत्या दोन तळहातांनी पूर अडवून उभी राहिलेली. ही माझ्याकडं नव्हती, ॲपमध्ये तिच्या रिकाम्या जागेत नुसतं पुसट चित्र दिसायचं. माझं माहेर घनसावंगीकडचं, गोदाकाठचं. पुराचं पाणी रात्रीतून कसं दारात येऊन बसतं ते मी पाहिलंय. त्या बाईच्या रिकाम्या जागेकडं माझी नजर रोज जायची.

लेकीच्या मित्रांच्या यादीत एकच जण होतं. ॲपनं प्रत्येकाला एकेका प्राण्याचं चित्र दिलेलं. आमचा मोर होता आणि यादीतलं ते एक मांजर. असेल शाळेतली कुणी मैत्रीण, असं मला वाटलं. एक दिवस मांजराकडून बदलाबदलीची विचारणा आली. मी पाटा द्यायचा, ते लाईनवाली देणार. पाटे तर माझ्याकडं ढीगभर साचले होते. तरी लेकीचा शब्द आठवून मी दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मनात आलं, यात फसवण्यासारखं आहे काय? दाबलं बटण. लाईनवाली आली. पाठोपाठ मांजराकडून अंगठा वर केलेलं चित्र आलं. त्या ॲपमध्ये लिहून बोलता येत नाही, तयार चित्रंच पाठवायची. मीही अंगठा पाठवला आणि दिवसभर उगीचच खुशीत होते.

असं महिनाभर चाललं. मग एका सकाळी मी माझं पाकीट उघडून मोबाईल मांडीवर ठेवला, तोच परसाच्या भिंतीपलीकडून तसाच घुंगरांचा आवाज आला.

भिंतीपलीकडं माझी धाकटी जाऊ राहते. आधी घर एकच होतं. सासू-सासरे गेल्यावर भाऊभाऊ वेगळे निघाले, तेही न भांडता. गवंडी लावून मधे भिंत घातली. पाण्याचा हौद आमच्या बाजूला आला. धाकटी गवंड्यासमोरच म्हणाली, "ताईला बराबर सगळं तिकडं भेटलं." मी म्हणाले, "मंग टेप लावून मोजून घे ना." एवढंच झालं. यापेक्षा मोठी भांडणं आमची एका चुलीवर असताना झाली होती आणि संध्याकाळपर्यंत विरली होती. पण आता मधे भिंत होती आणि संध्याकाळी समोरासमोर यायचं कारण उरलं नव्हतं. आमचं बोलणं बंद झालं ते झालंच. लग्नकार्यात ती एका पंगतीत वाढायची, मी दुसरीत. माझ्या आणि तिच्या पोरीला मात्र याचं काही नव्हतं. त्या दोघी भिंतीवर चढून गप्पा मारायच्या. जालन्याला एकाच हॉस्टेलात, एकाच खोलीत राहायला गेल्या.

म्हणजे तिच्या लेकीचा मोबाईलही घरीच राहिला असणार, हे माझ्या डोक्यात त्या घुंगरांमुळं आलं. मांजर म्हणजे धाकटी होती.

पहिल्यांदा वाटलं, बंद करावं हे सगळं. तेवढ्यात मांजराची नवी विचारणा आली. मी ती वाचली, बदल बरोबरीचा होता, आणि मान्य करून टाकली. तिला माहीत नाही ना मी कोण, मग काय बिघडतं, असं स्वतःला सांगितलं.

पण तिला माहीत होतं. एकदा मोबाईलच्या नादात माझं चुलीवरचं दूध उतू गेलं. "अगं बाई, गेलं सगळं!" मी ओरडले आणि धावले. दूध पुसून परत येऊन बघते तर मांजराकडून हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारं तोंड आलेलं. भिंतीपलीकडं अगदी शांत. मला राग यायला हवा होता. मी फडक्यानं हात पुसत एकटीच हसत बसले.

मग एकदा तिनं तो टाळी वाजवणारा म्हातारा मागितला. बदल्यात देत होती पूर अडवणारी बाई. ती मला हवीच होती. पण म्हातारा एकच होता आणि लेकीचा फार लाडका. मी नाही म्हणाले. नाही म्हणायचं बटण दाबल्यावर दिवसभर करमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारणा आली. तीच पुराची बाई देऊन या खेपेला मांजर एक पाटा मागत होतं.

पाटा कुणाला हवा असतो? तो तर तिच्याकडंही असणार. मी बराच वेळ मोबाईल हातात धरून बसले. मग घेतली ती बाई. जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. भिंतीजवळ जाऊन उभीही राहिले, मग वाळत घातलेले कपडे काढून घरात आले.

सोयाबीन काढणीचे दिवस आले. दीर मळणीयंत्र घेऊन गावोगाव फिरत होते, चार-चार दिवस घरी नसायचे. त्याच दिवसांत मांजर गप्प झालं. एक दिवस काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंतीपलीकडून घुंगरांचा आवाज नाही, भांड्यांचा नाही. मी ह्यांना विचारलं, "तिकडं कोणी न्हाई का? गावाला गेल्ते का सगळे?"

"कालच दुकानात मला कुणीतरी म्हणलं, तिला ताप आलाय," हे म्हणाले. "तू कधी विचारलं न्हाई, म्हणून मीबी बोललो न्हाई."

मी पदर खोचला आणि निघाले. तिच्या घरात जायचं तर गल्लीतून वळसा घालून जावं लागतं. दोन वर्षांत मी त्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. दार लोटलेलंच होतं. ती पलंगावर पडलेली, भर दुपारी दोन गोधड्या अंगावर.

"कोणंय?"

"मी हाये."

तिनं डोळे उघडून बघितलं. मी वाटेत काय काय मनात जुळवून आले होते. तिनं बोलूच दिलं नाही.

"ताई, साखळी तुटली वो," ती म्हणाली.

"कधी?"

"परवा. मोबाईल हातात धरवंना. पोरीला काय सांगू आता?" आणि ती रडायला लागली. तापात माणूस रडतं तसं, तोंड न झाकता.

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. तव्यासारखं लागत होतं. "तुटू दे. पाणी तरी पिली का सकाळपासून?"

ह्यांनी जीप बोलावली. आम्ही तिला परतूरला डॉक्टरकडं नेलं. डेंग्यू निघाला. सलाईन लावलं, काही दिवस तिथंच ठेवून घेतलं. दीर येईपर्यंत आणि आल्यावरही मी तिच्याजवळ होते. ज्वारीचं आंबील करून न्यायची, चमच्यानं पाजायची. तिसऱ्या दिवशी तिला जरा तरतरी आली. उशीखालून मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

"माझ्या हाताला सुई हाये. तुम्हीच फाडा आजचं."

मी फाडलं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मान वर करून बघायला लागली.

"तुला कधी कळलं, मोर म्हणजे मी हाये ते?" मी विचारलं.

"बदलाबदलीच्या आधीच. तुम्ही पाकीट फाडताना मोठ्यानं बोलता."

"मी? काय बोलते?"

"'आला गं बाई परत पाटा!' रोज तेच. मला आधी वाटलं, तुम्ही भाजीवाल्याशी भांडून राह्यल्या. मंग माझ्याकडंबी तो दगडाचा माणूस निघाला, तवा समजलं पाटा कोण ते. म्हणलं, ताईकडं लई झालेत, एखादा आपण घ्यावा."

मी त्या सलाईनच्या नळीकडं बघत राहिले. मान वळवली असती तर तिला माझे डोळे दिसले असते.

"आणि ती पुराची बाई? पाट्याच्या बदल्यात कोणी देतं का?"

"तुम्ही माहेरच्या पुराचं सांगायच्या ना, मी नवी नवरी असताना. तुमच्या आईनं गाय कशी माळवदावर चढवली ते. चित्र बघितलं अन् तेच आठवलं." तिनं कूस बदलली. "म्हाताऱ्यासाठी अडवून धरलं, ते मलाच बरं वाटलं न्हाई."

ती घरी आली. भिंत आहे तिथंच आहे. तिच्यात दार पाडायचं, असं पुरुष मंडळी अधूनमधून बोलतात, पण विटा काढायला सवड कुणालाच नाही. मी गल्लीतून वळसा घालून जाते, ती येते.

दिवाळीला पोरी आल्या. धाकटी चार दिवस आधीपासून घाबरलेली. साखळी तुटल्याचं पोरीला कसं सांगायचं, याची तिनं माझ्यासमोर तालीमसुद्धा केली. माझी छाती मात्र वर होती, माझी साखळी शाबूत होती. लेकीनं हातपाय धुतले, मोबाईल घेतला आणि दुसरंच काहीतरी बघत बसली. मी दोनदा समोरून गेले. शेवटी म्हणाले, "अगं, कार्डं बघ ना."

"कोणते?" मग तिला आठवलं. "अय्या मम्मी, ते आजून चालू हाये?" तिनं ॲप उघडलं, भराभरा बोट फिरवलं. "बाप रे, एवढे जमवले? भारीच की." आणि मोबाईल माझ्या हातात परत देऊन चुलत बहिणीला हाक मारत पळाली.

पलीकडंही तेच झालं होतं. धाकटी पाठ केलेलं सगळं बोलून गेली आणि पोरीनं विचारलं, "कोणती साखळी?" हे सांगायला ती तशीच माझ्याकडं आली. सांगता सांगता हसू लागली, ते इतकं की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं. मीही बसले. हातातली करंजीची पारी वाळून गेली.

"मंग आता काय करायचं?" ती डोळे पुसत म्हणाली. "बंद करायचं?"

"बंद कशाला? आता ते आपलंच हाये," मी म्हणाले आणि तिथल्या तिथं तिला तो म्हातारा देऊन टाकला. आता तो कुणाला विचारून द्यायचा नव्हता.

भाऊबीज झाल्यावर पोरींना पोचवायला आम्ही दोघीच जालन्याला गेलो. हॉस्टेलच्या फाटकाशी पोरींनी मागं वळून हात केला आणि लगेच मैत्रिणींच्या घोळक्यात मिसळल्या. स्टँडवर येऊन आम्ही परतीची गाडी धरली. ती खिडकीशी बसली. वाटूर मागं पडलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, मधेमधे वेचणाऱ्या बाया वाकलेल्या दिसत होत्या.

"घरी जाऊन काय करायचं आता?" ती खिडकीकडं बघत म्हणाली.

"माझ्याकडंच जेव आज. हे शेतात राहणार हायेत, पाणी द्यायचंय."

"भाजी काय करणार?"

"तू सांग."

तिनं जरा विचार केला. "शेपू करा. लई दिवस झाले तुमच्या हातची खाऊन."

शेपू मला बिलकुल आवडत नाही. एकत्र होतो तेव्हाही मी तो केवळ तिच्यासाठी करायची आणि ताटात घ्यायची नाही. परतूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते. मी पिशवी घेऊन खाली उतरले, फाटकाजवळ भाजीवाली बसली होती, तिच्याकडच्या दोन जुड्या निवडून घेतल्या. वर बघितलं तर धाकटी खिडकीतून हात बाहेर काढून ओरडत होती, "ताई, जल्दी चढा, गाडी निघून राह्यली!"